इदालीना भिंत दाखवते

बूट नीट बांधा. ओढ्यावरचं शेवाळ
लिस्बनच्या माणसांची गय करत नाही.
खडकावर लाल-पिवळे दोन पट्टे दिसले की वाट आपली,
त्याच रंगांची फुली असेल तर ती वाट गाईंची.
चार तास, आठ युरो, लहानांना फुकट.
पैसे गावच्या भट्टीच्या छपराला जातात,
मला काय, गुडघ्यांना सवय आहे.

हे खळं. सगळ्या गावात मिळून एक.
भोवतीची ती थडगी नव्हेत
(दर शनिवारी कुणीतरी विचारतंच),
कणग्या आहेत, ग्रॅनाइटच्या, चोवीस.
माथ्यावर क्रूस, पायांवर गोल चकत्या,
उंदराला चढता येऊ नये म्हणून.
वरून देव राखतो, खालून दगड.
सातवी आमची. आत थोडा मका आहे
आणि तिओदोरूचा मासे धरायचा गळ,
लक्झेंबर्गला जाताना ठेवून गेला होता.
घरांना कुलपं घातली लोकांनी,
कणग्यांना कुणी घातलं नाही.

पाणचक्की येताना बघू. आत्ता चढायचं.

थांबा. इथून भिंत सुरू होते.
पुरुषभर उंच, चुना नाही, माती नाही,
दगडाने दगड धरलेला.
पलीकडच्या उतारावरून दुसरी येते.
वर दोघींच्या मध्ये अख्खा डोंगर मावतो,
खाली एक बैलगाडीसुद्धा नाही.
नरसाळंच म्हणा. आणि टोकाला खड्डा.

घंटा झाली की घरटी एक माणूस.
न येणाऱ्याला दंड, सगळ्यांना पुरेल इतकी दारू.
'लांडगा आला रे' म्हणून उगाच ओरडायची सोय नव्हती.
पातेली, पत्रे, ढोल.
आजोबा बेल्मीरू गाईचं शिंग फुंकायचे,
पुढचे दोन दात पडलेले,
म्हणून आवाज फाटका यायचा,
लांडगा म्हणे त्यालाच जास्त भ्यायचा.
मग कातड्यात पेंढा भरून दारोदार नेत,
बायका अंडी देत, कणसं देत.
मी पाच वर्षांची. डोळ्यांच्या जागी
दोन बटणं शिवलेली, एक काळं, एक निळं.
मी माझं अंडं निळ्याकडे बघून दिलं.

उतरायचंय खाली? उतरा, शिडी आहे.
गेल्या शनिवारी एक मुलगी उतरली, नऊ-दहाची,
वाटभर तोंडाचा पट्टा चालू, खाली गेली नि गप्प.
बाप म्हणाला, वर बघ, हस, फोटो काढतो.
तिने वर बघितलं.

आता कायद्याने त्याला हात लावायचा नाही.
मार्चमध्ये माझ्या दोन शेळ्या नेल्या.
अर्ज केला, कानातले बिल्ले जोडले,
पैसे येतील तेव्हा येतील.
आणि मीच महिन्यातून दोनदा
संशोधकांसाठी त्याची विष्ठा गोळा करते,
पिशवीवर तारीख घालून.
हसा, हसा. भावाने तर बोलणंच टाकलंय.

एक गोष्ट पाटीवर लिहिलेली नाही.
जानेवारीत बर्फ पडलं, मी एकटीच आले होते.
भिंतीवर पावलं होती.
पायथ्याशी नव्हे, माथ्यावर,
एका ओळीत, निवांत,
दगड हलतात तिथे जरा जवळजवळ.
आमच्या खापरपणज्यांनी रचलेल्या दगडांवरून
तो खड्ड्यापर्यंत आला होता,
बसला होता बहुतेक, बर्फ तेवढंच वितळलेलं,
आणि दुसऱ्या भिंतीवरून वर निघून गेला होता.

मी तोंडाशी हात नेले, शिंगासारखे,
फुंकर मात्र मारली नाही.
थंडी होती खूप.

चला, पलीकडून ढग चढतोय.
भाकरी मक्याची, आमच्याच भट्टीतली,
चीज उरलेल्या शेळ्यांचं.
कागद इथे टाकू नका.
आणि तुम्ही, निळ्या टोपीवाले,
भिंतीवरून खाली या.